स्वस्तिक, उंदीर आणि गरुड

"दादा, हे भट्टीत कसं टाकावं? याच्यावर देवाचं हाये."

असं म्हणून मावशींनी ती वस्तू माझ्या टेबलावर, वजनकाट्याच्या पावत्यांवरच ठेवली. पावत्यांवर गंजाचा लाल भुगा सांडला. मी वैतागून वर बघितलं, मग खाली बघितलं आणि पावत्या विसरलो.

मी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका सळईच्या कारखान्यात भंगाराचं यार्ड सांभाळतो. 'जालना, सोने का पालना' असं जुनी माणसं म्हणायची. आता त्या पाळण्यात लोखंड झोपतं. न्हावाशेव्याहून कंटेनर येतात आणि त्यातून जगातलं काहीही बाहेर पडतं. रेल्वेचे रूळ, शाळेच्या बाकांचे सांगाडे, कुणाच्या तरी बागेतला झोपाळा, एकदा तर अख्खी लोखंडी मेलपेटी, आत पावसानं लगदा झालेली दोन पाकिटं. इंडक्शन भट्टीला दोन गोष्टींचं वावडं असतं, पाणी आणि बंद पोकळी. दोन्ही टोकं दाबलेला पाईप किंवा मोटारसायकलचा शॉकअप उकळत्या रसात पडला की आतली हवा फुगते आणि तो फुटतो. वितळलेलं लोखंड अंगावर येतं. म्हणून माल भट्टीकडं जायच्या आधी मावशी आणि त्यांच्यासोबतच्या आठ-दहा बाया तो हातानं निवडतात, तांदळातले खडे निवडावेत तसा. तांबं वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं, रबर वेगळं, बंद तोंडाचं सगळं बाजूला. मावशींच्या नजरेतून सुटलेला तुकडा मी अजून पाहिलेला नाही.

वस्तू म्हणजे एक मोडका खंजीर होता. पातं मुठीपासून चार बोटांवर तुटलेलं. मूठ कधीकाळी पांढरी असावी, आता जुन्या दातांसारखी पिवळी, आणि तिच्यावर जिलबीच्या वळणाच्या तिरप्या खाचा. मूठ आणि पातं यांच्या मधल्या आडव्या पट्टीवर एक पक्षी, पंख दोन्ही बाजूंना पसरलेले. त्याच्या पंजात पानांचं कडं आणि कड्याच्या आत स्वस्तिक. पात्यावर मुठीलगत एक एवढंसं जनावर मागच्या पायांवर बसलेलं, हातात काहीतरी उभं धरलेलं.

"बघा ना. स्वस्तिक पण हाये आन् उंदीर पण हाये. गणपतीचंच काहीतरी असंल."

मला हसू आलं, पण त्यांच्या तर्कात खोट काढायला जागा नव्हती. आपल्याकडं स्वस्तिक आणि उंदीर एकत्र दिसल्यावर दुसरं काय आठवणार?

संध्याकाळपर्यंत यार्डात बातमी झाली की भंगारात हिटलरचा खंजीर निघाला. हिटलरच्या सैन्यातल्या कुणाचा नव्हे, थेट हिटलरचा. काट्यावरच्या पोरानं त्याच्यासोबत सेल्फी काढला. मॅनेजर म्हणाले, "बाहेर काढू नका, असल्या वस्तूला लाखात भाव असतो." आणि बाहेर काढू नका म्हणत त्यांनीच तो चार जणांना दाखवला. परदेशातून येणाऱ्या भंगारासोबत त्यात शस्त्रं आणि दारूगोळा नाही असा तपासणीचा दाखला येतो. तो या कंटेनरसोबतही होता, फाईलला व्यवस्थित लावलेला. चार बोटांचं बोथट पातं कुणाच्या नजरेला खुपलं नसेल.

मी मात्र तो खंजीर रुमालात गुंडाळून घरी नेला. त्याला कारण होतं माझ्या आजीची लोणच्याची बरणी.

आजोबा निजामाच्या तहसिलीत चपराशी होते. चपराशी हा शब्द चपरास या शब्दातून आलेला. पट्ट्यावर किंवा छातीवर लावायचा पितळी बिल्ला म्हणजे चपरास, आणि तो लावतो तो चपराशी. माणसापेक्षा बिल्ला महत्त्वाचा, हे नावातच सांगून ठेवलेलं. आजोबांची चपरास अंड्याच्या आकाराची होती. त्यावर उर्दू अक्षरं, आणि मधोमध एक गोल चकती. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १३ तारखेला फौजा शिरल्या आणि १७ ला निजामानं शरणागती पत्करली. मग कधीतरी आजोबांना दुसरा बिल्ला मिळाला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा तिसरा. १९६० नंतर चौथा. आजोबा त्याच ओसरीवर, त्याच दारापाशी, त्याच स्टुलावर बसत राहिले. पगार निजामाच्या हाली सिक्क्यातून भारताच्या कलदार रुपयात गेला, एवढाच काय तो फरक त्यांना हाताला लागला असणार.

जुनी चपरास आजीनं लोणच्याच्या बरणीवर, फडक्यावर वजन म्हणून ठेवली. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, ही चकती कसली? ती म्हणाली, "चांद आहे. निजामाचा चांद." मुसलमान राजा, म्हणून चांद. मीही वीसएक वर्षं तसंच समजत होतो.

तो चांद नव्हताच. तो कुलचा होता, म्हणजे रोटी. आख्यायिका आपल्या औरंगाबादची आहे. मीर कमरुद्दीन, म्हणजे पुढं पहिला निजाम झालेला सरदार, औरंगाबादच्या सूफी संत निजामुद्दीन यांच्या भेटीला गेला. त्यांनी पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे पुढं केले. भुकेल्या सरदारानं सात खाल्ले. संत म्हणाले, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. म्हणून आसफजाही, म्हणजे निजामाच्या घराण्याचा, झेंडा पिवळा आणि त्यावर मधोमध कुलचा. आसफजाह हा किताब लावणारे निजाम मोजले तर ते सातच भरतात, त्यामुळं गोष्ट सांगणाऱ्याची सोय झाली आहे. आता या गोष्टीत खरं किती हे बाजूला ठेवा. जगात राज्यांच्या निशाणांवर सिंह आहेत, गरुड आहेत, तलवारी आहेत. भाकरी मिरवणारं राज्य आपल्या वाट्याला आलं होतं आणि आम्ही तिला चंद्र समजत होतो. त्या दिवसापासून कुठलंही चिन्ह दिसलं की मी पहिल्या अर्थावर विश्वास ठेवत नाही.

म्हणून हिटलरवरही ठेवला नाही.

मी आधी पक्ष्यापासून सुरुवात केली. एक गोष्ट लगेच कळली, की असले खंजीर मारायला केलेले नसतातच. नवरदेवाच्या हातात लिंबू खोचलेली कट्यार असते ना, तिनं कुणी भाजीसुद्धा चिरत नाही, तसंच हे. परेडला, मेजवानीला, स्वतःच्या लग्नाला अधिकाऱ्यानं कमरेला लटकवायचं. पात्याला धार नसते, सगळी धार चिन्हांना. नवरदेवाच्या कट्यारीवरून तो वरपक्षाचा एवढंच कळतं. यांच्या खंजिरावरून माणूस कुठल्या देशाचा, कुठल्या दलाचा आणि साधारण कुठल्या वर्षातला, इतकं कळतं. फक्त वाचता आलं पाहिजे.

जर्मनीत १९३३ ते १९४५ या बारा वर्षांत असे खंजीर इतके निघाले की बघून चक्रावायला होतं. भूसेनेचा वेगळा, हवाई दलाचा वेगळा, आरमाराचा वेगळा, हिटलरच्या नाझी पक्षाच्या निरनिराळ्या संघटनांचे वेगळे. सगळ्यांवर गरुड, पण प्रत्येक गरुडाची बसायची तऱ्हा निराळी. भूसेनेच्या १९३५ सालच्या खंजिरावर तो आडव्या पट्टीवर पंख पसरून असतो आणि पंजात पानांच्या कड्यातलं स्वस्तिक. हवाई दलाचा १९३७ सालचा, त्याचा गरुड खरोखर उडणारा, आणि स्वस्तिक कड्याशिवाय नुसतंच पंजात लोंबणारं. आरमाराच्या खंजिराचा गरुड १९३८ पासून मुठीच्या टोकावर पंख मिटून बसतो, आडव्या पट्टीवर नांगर असतो. म्हणजे आमचा कड्यातल्या स्वस्तिकाचा गरुड भूसेनेचा.

यात एक वाकडं वळण लागलं ते मानेचं. त्या काळात सरकारचा गरुड आणि पक्षाचा गरुड असे दोन होते. दिसायला सख्खे भाऊ, फरक मानेच्या दिशेत. सरकारी गरुड उजवीकडं बघतो, पक्षाचा डावीकडं. मी आमचा खंजीर समोर धरला. गरुड डावीकडं बघत होता. दोन दिवस मी हा पक्षाचा, हा पक्षाचा म्हणत बसलो. मूठ भूसेनेची आणि गरुड पक्षाचा, हे जुळेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायको देव्हारा पुसत होती. आमचा गणपती उजव्या सोंडेचा, म्हणून त्याचं सोवळंओवळं जरा जास्त. आणि मी बघतो तर सोंड डावीकडं! माझ्या डावीकडं. गणपतीच्या उजवीकडं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. उजवी सोंड म्हणजे देवाची उजवी, बघणाऱ्याची नव्हे. युरोपातल्या निशाणांच्या शास्त्रातही अगदी हाच नियम. ढाल ज्यानं हातात धरली त्याचं उजवं-डावं मोजायचं, समोरच्याचं नाही. म्हणजे माझ्या डावीकडं बघणारा गरुड स्वतःच्या उजवीकडं बघत होता, म्हणजे सरकारी, म्हणजे भूसेनेचा. सगळं जागच्या जागी बसलं. जे दोन दिवस इंटरनेटवर उमगलं नाही ते देव्हाऱ्यात उमगलं, आणि बायकोला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "आधी हात धुवा, मग देवाकडं बोट करा."

स्वस्तिकाचंही बघितलं. आपलं स्वस्तिक पाटासारखं सरळ बसतं, चार घरांत चार टिंबं असतात. हे एका कोपऱ्यावर उभं, तिरकं, टिंबं नाहीत. जर्मनीत आज ते जाहीरपणे मिरवायला कायद्यानं बंदी आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीनं जुन्या सैनिकांना युद्धातली पदकं लावायची मुभा दिली ती स्वस्तिक काढून टाकलेल्या रूपात. माणसाला शौर्याची आठवण ठेवू दिली, चिन्ह तेवढं खरवडलं. मला आमच्या ओसरीवरचे चार बिल्ले आठवले.

आणि तो उंदीर. तो उंदीर नव्हता, खार होती. जर्मनीत सोलिंगेन नावाचं गाव आहे, सुऱ्या-कात्र्या-तलवारींचं. तिथल्या आयकहॉर्न नावाच्या कारखान्याचा छाप म्हणजे पुढच्या पायांत तलवार धरून बसलेली खार. जर्मनमध्ये खारीला जो शब्द आहे तो या आडनावाशी जुळतो, म्हणून खार. आपल्याकडं मोरे आडनावाच्या माणसानं दुकानाच्या पाटीवर मोर काढावा तसं. त्याच गावातल्या दुसऱ्या एका कारखान्याचा छाप शिरस्त्राण घातलेल्या सरदाराचं डोकं, आणखी एकाचा चक्क थर्मामीटर. मला या छापांचं फार अप्रूप वाटलं. मुठीवरचा गरुड सांगतो, कुणासाठी केलं. पात्यावरची खार सांगते, कुणी केलं. ही दोन वेगळी माणसं असतात आणि त्यांची गल्लत केली की ओळख चुकते. सोलिंगेनचं पातं म्हणजे जर्मन सैनिक, असं धरून चालणारे इथंच फसतात, कारण सोलिंगेननं जगात कुणालाही पाती विकली.

आपल्या मुलखात हे नवीन नाहीच. परंड्याच्या किल्ल्यात एके काळी मलिक-ए-मैदान तोफ होती. १५४९ साली अहमदनगरला ओतली, ओतणाऱ्याचं नाव महंमद रूमी, ते तिच्यावर कोरलेलं आहे. परंड्याहून ती विजापूरला गेली. १६८६ साली औरंगजेबानं विजापूर जिंकलं आणि त्याच तोफेवर आपला लेख कोरला. कारागीर एक, मालक बदलत गेलेले, आणि तोफ बिचारी सगळ्यांची नावं अंगावर वागवत उभी. दख्खनी तलवारींत तर 'फिरंग' नावाचा प्रकारच आहे. पातं युरोपातलं, मूठ आपली. त्यातल्या काही पात्यांवर पळता लांडगा असतो. तो मुळात जर्मनीतल्या पासाऊ या गावच्या कारागिरांचा छाप. लांडग्याच्या पात्याला भाव जास्त मिळतो हे बघून सोलिंगेनच्या लोकांनीही आपल्या पात्यांवर लांडगा कोरायला सुरुवात केली. हे वाचताना मी नुसता हसलो होतो. ते पुढं कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

चिन्हाशिवाय ओळख पटते ती जंबियाची, म्हणजे वाकड्या अरबी खंजिराची. परभणीला माझ्या मामाच्या गल्लीत चाऊश कुटुंब होतं. निजामाच्या फौजेत हद्रामौतहून, म्हणजे येमेनच्या दक्षिण किनाऱ्याकडून, अरब शिपाई आले. मराठवाड्यातले चाऊश ते त्यांचे वंशज. त्यांच्या थोरल्या काकांकडं पणजोबांचा जंबिया होता. त्यावर ना गरुड, ना मुकुट, ना अक्षर. मुठीचं शिंग कसलं आणि म्यानाचं टोक किती वर वळलेलं, यावरून माणूस कुठला आणि किती मानाचा हे त्यांच्या लोकांना कळायचं. काका तो आम्हा पोरांना हात लावू देत नसत. ईदच्या दिवशी तेवढा दुरून दाखवायचे, आणि दाखवताना स्वतः आधी खुर्चीवर ताठ बसायचे.

पण मी वाहवत चाललो. खंजीर घेऊन मी छावणीत गेलो.

छावणी म्हणजे संभाजीनगरची, तेव्हाच्या औरंगाबादची. तिथं माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार राहतात, महार रेजिमेंटचे. गुरुवार होता, छावणीच्या बाजारात बैलांच्या गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडं पोचायला अर्धा तास लागला. पहिला प्रश्न मी कायद्याचा विचारला, कारण तो डोक्यात टोचत होता. ते म्हणाले, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला परवाना लागतो, तुझं चार बोटांचं पातं घेऊन तू कांदासुद्धा कापू शकत नाहीस. मग त्यांनी कपाटातून आपला टोपीचा बिल्ला काढला. दोन एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या मशीनगन, तिवईवर, आणि मध्ये उभा खंजीर. "आमच्यावर पण खंजीरच आहे," ते म्हणाले. "पण सुरुवातीला इथं खंजीर नव्हता. कोरेगावचा विजयस्तंभ होता." रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली तेव्हाच्या बिल्ल्यावर स्तंभ होता. तो नंतर गेला आणि खंजीर आला. हे सांगताना त्यांनी अंगठ्यानं त्या खंजिरावरून असा हात फिरवला की पुढं काही विचारायचं मला सुचलं नाही.

चहा झाल्यावर त्यांनी एक डबी उघडली. आत जुन्या गणवेशांची बटणं. भंगाराच्या धंद्यातल्या माणसाला बटणं दाखवणं म्हणजे मांजराला दूध. काहींवर इंग्रजी मुकुट होता. ते म्हणाले, "मुकुटाच्या कमानी बघ. वर फुगलेल्या असतील तर राजाचा मुकुट, १९०१ नंतरचा. मधोमध खाली दबलेल्या असतील तर राणीचा, १९५३ नंतरचा." व्हिक्टोरियाच्या जुन्या काळातलं बटण आधी बाजूला काढायचं, बाकीच्यांना हे लागू. भारतानं १९५० साली मुकुट उतरवून अशोकाचे सिंह लावले. म्हणजे दबलेल्या कमानीचं बटण दाखवून कुणी 'हे आमच्या आजोबांचं, दुसऱ्या महायुद्धातलं' म्हणाला तर समजायचं, आजोबा खरे असतील, बटण नाही. पोलंडच्या गरुडाचीही गोष्ट अशीच मजेदार आहे. त्याच्या डोक्यावर मुकुट होता. कम्युनिस्ट आले, मुकुट गेला, पक्षी राहिला. कम्युनिस्ट गेले, मुकुट परत आला. पक्ष्याला विचारलं तर तो म्हणेल, मी हललोच नाही.

सुभेदारांनी माझा खंजीर हातात घेतला, खिडकीपाशी नेला, आणि पातं उलटं केलं. "ही बाजू बघितलीस?"

त्या बाजूला गंजाची खपली होती. खपलीखाली काहीतरी कोरलेलं दिसत होतं. आकड्यासारखं एक टोक, वर कडी.

"नांगर आहे," ते म्हणाले. "पायदळाच्या खंजिरावर नांगर कशाला?"

बरोबर होतं. जर्मन भूसेनेच्या खंजिराचं पातं साधारणपणे कोरं असतं. नांगर, शिडाचं जहाज, असली नक्षी आरमाराच्या पात्यावर. मूठ भूसेनेची, पातं आरमाराचं. एखाद्यानं मागं कधी दोन मोडक्या खंजिरांचा एक केला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर मला तो खंजीर खरा हवा होता. मॅनेजरच्या लाखासाठी नव्हे. पण इतकं वाचल्यावर, गणपतीपुढं इतकं मोजल्यावर, तो खरा नसणं मला परवडणारं नव्हतं.

घरी येऊन मी तो रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवला. सकाळी जुन्या टूथब्रशनं खपली काढली. खार बसलेली होती त्याच्या बरोबर मागं, पात्याच्या मुळाशी, एक उथळ खळगा दिसला. गंजानं पडतो तसला नाही. गंजाचा खळगा चाळणीसारखा असतो, हा गुळगुळीत होता, ग्राइंडरनं घासलेला. रोज शेकडो तुकडे बघणाऱ्याला एवढं कळतं. आणि खळग्याच्या उजव्या काठाला, घासणाऱ्याचा हात जरा आधी उचलला गेल्यामुळं, रोमन लिपीतली दोन अक्षरं उरली होती. आय आणि ए.

मी उड्या मारल्या. ऑस्ट्रिया! मग लक्षात आलं, रुमानियाही याच दोन अक्षरांनी संपतो. आणि बल्गेरिया. आणि रशिया. आणि युगोस्लाव्हिया. या दोन अक्षरांत अर्धा युरोप मावतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत यार्डात, मोबाईलचा टॉर्च पात्याला अगदी आडवा धरून मी आय या अक्षराच्या आधी बघू लागलो. उजेड आडवा पडला की पुसलेलं अक्षरही सावली टाकतं. एक फुगीर पोट दिसलं. वरपासून खालपर्यंत एकच पोट, खाली पाय फुटलेला नाही. आर असता तर पाय फुटला असता, ऑस्ट्रिया झाला असता. एन असता तर पोटच नसतं. हा डी होता.

डी, आय, ए.

मी टॉर्च बंद केला.

अमेरिकेनं १८९० सालच्या मॅकिन्ले टॅरिफ कायद्यापासून बाहेरून येणाऱ्या मालावर तो कुठल्या देशात बनला ते इंग्रजीत लिहिणं सक्तीचं केलं. आपल्याकडं देहरादूनला तलवारी आणि खंजीर बनवून जगभर पाठवण्याचा धंदा जुना आहे. तिथल्या कारागिरांनी गुरख्यांच्या खुकऱ्यांपासून जुन्या सैन्यांच्या हुबेहूब नकलांपर्यंत सगळं घडवलं आहे, आणि त्यात लपवाछपवी काही नाही, माल नक्कल म्हणूनच विकला जातो, देशाचं नाव ठोकून. आमचा खंजीर नेमका कुठल्या ऐरणीवरून निघाला ते पात्यावर उरलेलं नाही. पण घडवणाऱ्यानं देशाचं नाव प्रामाणिकपणे उमटवलं होतं, आणि पुढं कुणीतरी, कुठंतरी, खरा म्हणून खपवायला ते घासलं होतं. घाईत घासलं, हात आधी उचलला. मला त्या कारागिराचा राग आला नाही. त्याला गरुड बरा जमला होता, मानही योग्य दिशेला. नांगराची चूक त्याची की मागणी करणाऱ्याची, देव जाणे. खार मात्र त्याला जमली नव्हती. आता नीट बघितल्यावर कान आखूड होते आणि शेपूट बारीक. मावशींनी उंदीर म्हटलं ते अगदीच चूक नव्हतं.

मॅनेजरना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. काट्यावरच्या पोरानं सेल्फी मात्र काढून टाकला नाही.

मावशी पत्र्याच्या शेडखाली चटणी-भाकर खात बसल्या होत्या. मी खंजीर घेऊन त्यांच्यापाशी गेलो. लोहचुंबक लावून दाखवलं. पातं चिकटलं, आडवी पट्टी चिकटली नाही, ती जस्ताच्या मिश्रणाची. म्हणजे पातं भट्टीकडं, पट्टी जस्ताच्या ढिगात, मूठ प्लास्टिकची, तिला कुणी विचारत नाही.

"देवाचं नाही ते, मावशी. तिरकं आहे बघा, टिंबं नाहीत. दुसऱ्या लोकांचं चिन्ह आहे."

"आन् उंदीर?"

"खार आहे."

त्यांनी खार बारकाईनं पाहिली आणि मान हलवली. त्यांना पटलं नव्हतं.

"मंग कुटलं हाये ते?"

"आपलंच. भारतातच बनलेलं. इथून बाहेर गेलं, तिकडं मोडलं, भंगारात आलं."

मावशींनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. खंजिराकडं बघितलं, मग दूरवर उभ्या असलेल्या कंटेनरच्या ट्रेलरकडं बघितलं.

"इथलंच व्हतं," त्या म्हणाल्या, "तर जायचं-यायचं भाडं कोनी भरलं?"

मी काट्याकडं परत गेलो. तीन गाड्या थांबलेल्या होत्या आणि पावत्यांवर अजून गंजाचे डाग होते.